थांबाकाका

डोंबिवलीत आमच्या सोसायटीपासून बसचा थांबा चांगला दहा मिनिटांवर आहे. तरी बिल्डिंगमधल्या पोरांना "थांबा कुठाय रे?" असं विचारलंत, तर ती दुसऱ्या मजल्याकडे बोट दाखवतील. तिथे थांबाकाका राहतात.

त्यांचं खरं नाव लेटरबॉक्सवर आहे आणि गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर येतं. एरवी ते कोणाच्या तोंडात नसतं. विजेवर किंवा सेलवर चालणारी एखादी वस्तू घ्यायचं तुमच्या मनात आलं, की त्याचा वास काकांना कसा लागतो कोण जाणे. तुम्ही जिन्यात चपला चढवत असता आणि वरून गंजीफ्रॉक, लेंगा आणि काखेत दुमडलेलं वर्तमानपत्र अशी मूर्ती खाली उतरते.

"काय घेतोयस?"

"काही नाही काका, मोबाइल बघायला चाललो होतो."

"बजेट?"

आपण आकडा सांगतो. काका डोळे मिटतात. जुने वैद्य नाडी बघताना मिटायचे ना, तसे. बोटांच्या पेरांवर काही महिने मोजतात, आणि डोळे उघडून अत्यंत शांतपणे सांगतात, "थांब. आत्ता घेऊ नकोस."

"आत्ता" ही काकांच्या पंचांगातली कायमची अशुभ वेळ आहे. जानेवारीत घेऊ नये, कारण बजेट तोंडावर आलंय, ड्युटीचं काय होतं बघू. मार्च-एप्रिलमध्ये दुकानदार जुना माल खपवतात. मे महिन्यात सगळे गावाला गेलेले, घेऊन दाखवायचा कोणाला? पावसाळ्यात नवी वस्तू काढू नये, ओल धरते. पंधरा ऑगस्टला सेल लागतो, पण ती दिवाळीच्या सेलची नुसती रंगीत तालीम. सप्टेंबरात अ‍ॅपलचा नवा फोन येतो, तो आला की जुन्यांच्या किमती पडतात, आणि पडल्या की नेमका पितृपक्ष असतो. दसरा-दिवाळीला गर्दी असते, गर्दीत माणूस फसतो. दिवाळीनंतर किंमत उतरते खरी, पण उतरू लागलेली किंमत अजून उतरणार असते. आणि डिसेंबरात घेतलेली वस्तू एक तारखेला गेल्या वर्षीची होते.

काका टेलिफोन खात्यातून रिटायर झाले. उमेदीची बरीच वर्षं त्यांनी १९८ नंबरवर काढली. फोन डेड झाला की तक्रार नोंदवायचा तो नंबर. दिवसभर कानाला हेडफोन लावून काका अनोळखी माणसांना अदबीने "थांबा हां जरा" म्हणत. जिभेला ते वळण तिथेच पडलं असावं असं काकू म्हणतात. मला वाटतं, मूळ त्याहून जुनं आहे. ज्यांनी टेलिफोनला नंबर लावला, गॅसला नंबर लावला, चेतक स्कूटरला नंबर लावला आणि तो लागेपर्यंत ज्यांच्या घरातल्या पोरांना मिसरूड फुटलं, त्यांच्यातले हे काका. नंबर न लावता मिळणारी वस्तू त्यांना मुळात संशयास्पद वाटते. दुकानात गेलो, पैसे दिले, घेऊन आलो, याला ते खरेदी म्हणत नाहीत. पळवून आणणं म्हणतात.

थांबण्याचं पहिलं मोठं अनुष्ठान त्यांनी व्हीसीआरसाठी मांडलं. १९८२ च्या एशियाडने घराघरांत रंगीत टीव्ही आणला, आणि पुढची पायरी व्हीसीआरची होती. बिल्डिंगमधले दोघे-तिघे तयारीलाही लागले होते. काकांनी मात्र चौकशी केली तेव्हा त्यांना कळलं की सोनीने १९७५ साली बीटामॅक्स काढलाय, १९७६ साली जेव्हीसीने व्हीएचएस काढलाय, आणि याची कॅसेट त्याच्यात जात नाही.

"दोघांतला एक मरणार," काकांनी जाहीर केलं. "मरणाऱ्याच्या घरात मुलगी कशाला द्यायची? कोण उरतो ते बघू, मग घेऊ."

यथावकाश व्हीएचएस उरला. तोवर दारात केबल आली होती. मग व्हीसीडी आली, मग डीव्हीडी. डीव्हीडी घेऊ या म्हणेपर्यंत काकांना बातमी लागली की तिचा वारस कोण यावरून सोनीचा ब्लू-रे आणि तोशिबाचा एचडी-डीव्हीडी भांडतायत. काका पुन्हा कुंपणावर चढून बसले. २००८ च्या फेब्रुवारीत तोशिबाने हात टेकले आणि काका विजयी मुद्रेने खाली उतरले, तर भाचा पेनड्राइव्हवर सिनेमे घेऊन दारात उभा. पुढे २०१६ च्या मार्चमध्ये सोनीने बीटामॅक्सच्या कॅसेटी बनवणंसुद्धा बंद केलं. ते कात्रण काकांनी मला मुद्दाम खाली आणून दाखवलं.

"बघ! घेतला असता, तर आज कॅसेट कुठून आणली असती?"

यावर काय बोलणार! वरून काकूंचा आवाज आला, "तोवर तीस वर्षं पिक्चर बघून झाले असते माझे." तो काकांना ऐकू आला नाही. हेडफोनच्या नोकरीने उजव्या कानाला कमी येतं, असं ते सांगतात. ते फक्त काकूंचं.

मीही त्यांचा बळी आहे. २०११ च्या वर्ल्ड कपसाठी मोठा टीव्ही घ्यायचं आमच्या घरात ठरलं होतं. पैसे जमले होते, भिंतीवरची पेन्सिलीची खूणही झाली होती. प्लाझ्मा घेऊ की एलसीडी, एवढंच विचारायला मी वर गेलो. ही माझी चूक. काका म्हणाले, "वेडा आहेस का? थ्रीडी येतोय. चष्मा लावला की चेंडू थेट तुझ्या अंगावर. वर्षभर थांब." मी थांबलो. २ एप्रिलला वानखेडेवर धोनीने तो षटकार मारला तेव्हा मी फडके रोडवर एका दुकानाच्या शोकेसबाहेर, माझ्याहून वीतभर उंच माणसाच्या बगलेतून मॅच बघत होतो. चेंडू अंगावर आला नाही. त्या माणसाचा कोपर आला. पुढे थ्रीडी टीव्हीची हौस जगभरच ओसरली, आणि २०१७ पर्यंत एलजी आणि सोनीनेही ते बनवणं सोडून दिलं. "म्हणून सांगत होतो," काका म्हणाले. काय सांगत होते ते मला अजून कळलेलं नाही.

पण काकांना नुसता सल्लागार समजू नका. वस्तू हे निमित्त, त्यांचा खरा जीव कंपन्यांच्या भांडणात आहे. काका मूळचे मालवणचे. भाऊबंदकीचं बाळकडू घरातच मिळालेलं. त्यामुळे लोक शेअरबाजाराच्या पानावर आकडे वाचतात तिथे काकांना वंशावळ दिसते. कोणाचं घराणं कुठलं, कोणी कोणाचा हिस्सा खाल्ला, कोण कोणाच्या जिवावर उभा आहे, हे त्यांना तोंडपाठ आहे. कात्रणं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतात. नोकिया म्हणजे १८६५ सालची कागदाची गिरणी. निन्टेंडो १८८९ पासून पत्ते छापायची. एलजीवाल्यांचा पूर्वज चेहऱ्याला लावायचं क्रीम विकायचा. आणि सॅमसंग १९३८ साली सुरू झाली ती सुकी मासळी विकत. हे वाचल्या दिवसापासून सॅमसंग काकांच्या घरची झाली.

"सुकटवाले ते. आपलीच माणसां," ते म्हणतात. मालवणी शब्द तोंडात आला की समजावं, विषय काळजाला लागलाय.

त्यामुळे २०११ साली अ‍ॅपलने सॅमसंगवर दावा ठोकला तेव्हा काकांच्या घरात जणू समन्स आलं. आमच्या फोनचं रूप चोरलं, हा अ‍ॅपलचा आरोप. गोल कोपरे आमचे, असंही त्यात होतं. काकांना हे फार आवडलं. त्यांच्या आजोबांचा आणि चुलत आजोबांचा दावा बांधावरच्या दोन माडांवरून चालला होता. माड कोणाचा यावर नव्हे, तर माड वाऱ्याने ज्या बाजूला झुकतो त्या बाजूचा नारळ कोणाचा, यावर! तारखांना दोघं एकाच बैलगाडीतून जायचे म्हणे, आणि कोर्टाच्या आवारात पाठ फिरवून बसायचे. "गोल कोपरे काय नि वाकलेला माड काय," काका म्हणाले, "वकिलाची चूल पेटती राहिली पाहिजे."

मग आम्हाला सात वर्षं त्या खटल्याचं धावतं वर्णन ऐकावं लागलं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ज्युरीने सॅमसंगला १०५ कोटी डॉलर भरायला सांगितले, तेव्हा काका दोन दिवस गप्प होते. मग अपील, मग रक्कम कमी, मग पुन्हा अपील, प्रकरण तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. मध्येच २०१७ साल आलं, आणि अ‍ॅपलने हजार डॉलरचा आयफोन टेन काढला. त्याचा तो झळाळता पडदा कोणी बनवला होता? सॅमसंगने! त्या दिवशी काका सकाळी सातला आमच्या दाराशी उभे.

"बघितलंस? कोर्टात उभा दावा, आणि मागच्या दाराने आमटीची वाटी चाललीय! आमच्याकडे हुबेहूब असंच. आजोबा तिकडे शपथेवर सांगतायत की याचं तोंड बघणार नाही, आणि आजी इकडे बांधावरून जावेला सोलकढी देतेय." २०१८ च्या जूनमध्ये दोघांनी तडजोड केली, तेव्हा काकांना आनंद झाला की हळहळ वाटली हे सांगणं कठीण आहे. मला वाटतं, त्यांना माडांची आठवण आली असावी. तो दावा चालू असतानाच दोन्ही माड एका वादळात पडले होते.

चार्जरच्या वेळची गोष्ट अशीच. २०२० च्या ऑक्टोबरात अ‍ॅपलने खोक्यातून चार्जर काढून टाकला. पर्यावरणासाठी, असं सांगितलं. सॅमसंगने जाहीर टिंगल केली, आमच्याकडे मिळतो बरं का चार्जर! आणि तीन महिन्यांनी, जानेवारीत, त्यांच्या महागड्या फोनच्या खोक्यातूनही चार्जर गायब, आणि टिंगलीच्या पोस्टही गायब. "पंगतीतून पहिल्याने जिलबी काढली," काका सांगतात, "दुसरा मांडवभर हसत फिरला. पुढच्या मुहूर्ताला याच्याही पानात जिलबी नाही! वर म्हणतो, पाहुण्यांना साखर वाईट."

नोकियाच्या बाबतीत मात्र काका तटस्थ राहू शकत नाहीत. तिथे "ते" नसतं, "आपण" असतं. "आपलं चुकलं कुठे सांगू?" अशी सुरुवात झाली की चहा आणखी अर्धा कप टाकावा लागतो. ९ जानेवारी २००७ ला स्टीव्ह जॉब्जने पहिला आयफोन दाखवला, तेव्हा मायक्रोसॉफ्टचा बाल्मर त्याच्या किमतीला मोठ्याने हसला होता. पाचशे डॉलर, आणि कीबोर्डही नाही, म्हणून. हे सांगताना काका बाल्मरची मनसोक्त निर्भर्त्सना करतात. पण मी तेव्हा जिन्यात होतो. काकाही हसले होते. "बटणं नाहीत त्याला फोन म्हणायचं? अंधारात नंबर काय चाचपून लावणार?" हे त्यांचे शब्द. आता ती आठवण काढली तर उजवा कान आड येतो.

मग २०१३ च्या सप्टेंबरात, तोच हसणारा बाल्मर मायक्रोसॉफ्टचा प्रमुख असतानाच, त्यांनी नोकियाचा फोनचा धंदा विकत घेत असल्याचं जाहीर केलं. काकांनी त्या आठवड्यात दाढी केली नाही. भेटायला आलेल्यांशी हळू आवाजात बोलत होते. कोणी विचारलं की सांगत, "काही नाही, थोडं मन बरं नाही." २०१५ साली मायक्रोसॉफ्टने त्या व्यवहारापायी ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले, तेव्हा कुठे काकांना थोडं समाधान मिळालं. "पोरगी नेली आणि वर्षभरात घालवली," म्हणाले. त्या दिवशी दाढी केली.

तर असा हा जगातल्या सगळ्या फोन कंपन्यांचा कुलवृत्तांतकार स्वतः कुठला फोन वापरतो? नोकिया ११००. २००३ साली आलेला, डोक्यावर बॅटरी असलेला, धुळीला न जुमानणारा, जगभर पंचवीस कोटींच्या वर खपलेला तो ठोकळा. काकांच्या ठोकळ्याला कंबरेत रबर लावलंय. तो त्यांनी घेतला त्याचीही कथा आहे, आणि खरं सांगायचं तर ती त्यांच्या अहंकाराची कोनशिला आहे. ३१ जुलै १९९५ ला कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल लावला. त्या काळात एका मिनिटाला सोळा-सोळा रुपये पडायचे, आणि कोणाचा फोन आला तरी आपणच पैसे मोजायचे. काका टेलिफोन खात्यातले, त्यांना हा शुद्ध दरोडा वाटला. "दुसऱ्याने हाक मारली तर दंड मला? थांबू." आठ वर्षं थांबले. २००३ साली इनकमिंग फुकट झालं, आणि त्याच वर्षी काकांची बॅग खांद्याला लागली. बाकी सगळे आठ वर्षं मूर्खासारखे इनकमिंगला पैसे भरत होते, हे सुख त्यांना आजही पुरतं.

त्यात मधूनमधून नियती त्यांना खतपाणी घालते. २०१६ साली भाच्याला सॅमसंगचा नोट सेव्हन घ्यायचा होता. काका म्हणाले, थांब. दोन महिन्यांत जगभर त्या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, विमानांत त्याला बंदी झाली, आणि कंपनीने तो कायमचा बंद केला. इकडे फोन पेटला आणि तिकडे काकांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. फक्त घरच्या माणसाचं घर जळल्याचं दुःख त्यात मिसळलेलं होतं. "सुकटीचा धंदा सोडायला नको होता त्यांनी," एवढंच म्हणाले.

आणि गेल्या वर्षी तर कहरच झाला. २०२५ च्या मे महिन्यात उकाड्याला कंटाळून मी एसी घेतला. काकांना न विचारता, रात्री दहा वाजता, पोत्याखाली झाकून वर चढवला. बाहेरचं युनिट लागल्यावर ते दिसणारच होतं. काका खालून बराच वेळ बघत राहिले, बोलले काही नाहीत. सप्टेंबरच्या २२ तारखेला एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्या संध्याकाळी काका आमच्याकडे पेढे घेऊन आले. एसीखालच्या खुर्चीत बसले, "वाढव जरा" म्हणाले, खिशातून कागद काढला आणि माझं नुकसान रुपये-पैशांत सांगितलं. मग त्या गार हवेत तासभर त्यांना छान डुलकी लागली.

त्यांची सगळ्यात मोठी सफर मात्र बीकेसीची. २०२३ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅपलने देशातलं पहिलं दुकान मुंबईत उघडलं, टिम कुक स्वतः आला, आणि माधुरी दीक्षितबरोबर बसून त्याने वडापाव खाल्ला. काकांना या वडापावाबद्दल फार आशा होती. "आपल्या पोरीच्या हातचं खाल्लंय. मिठाला जागेल. बघ किंमत उतरवतो की नाही." सप्टेंबरात आयफोन फिफ्टीन आला. किंमत आदल्या वर्षीइतकीच, ७९,९०० रुपये. "वड्यात मीठ कमी पडलं," काका म्हणाले.

विक्रीच्या दिवशी म्हणजे २२ सप्टेंबरला तिथे पहाटेपासून रांग लागणार, असं पेपरात आलं होतं. काकांच्या डोळ्यांत मी कित्येक वर्षांत तसलं पाणी पाहिलं नव्हतं. रांग! चेतकनंतर, रॉकेलनंतर, पुन्हा एकदा एखाद्या वस्तूसाठी रांग! सकाळची लोकल धरून, कुर्ल्याला उतरून, बस पकडून काका तिथे पोचले. पिशवीत काकूंनी दिलेला घावन-चटणीचा डबा. घ्यायचं अर्थातच काही नव्हतं, पण रांग दिसल्यावर तिच्या शेवटी उभं न राहणं त्यांच्या रक्तात नाही. पुढचा भाग मला त्यांच्याकडून कळलाय, तेव्हा थोडी कोकणी फोडणी धरून चाला.

मागे सुरतेचा एक मुलगा होता. रात्रभर गाडीत बसून आलेला. काकांनी त्याला पहिल्या दहा मिनिटांतच समजावलं की आत्ता घेऊ नकोस. त्याला वाटलं, काकांना काही आतली बातमी आहे. मग काकांनी खुलासा केला. चार्जरची पिन बदललीय ना, टाइप-सी केलीय ना, ही काय अ‍ॅपलची मेहेरबानी नव्हे. युरोपने कायदा केलाय, २०२४ च्या डिसेंबरपासून सगळ्या फोनना एकच पिन. कान पिरगाळल्यावर सुधारलेलं पोर आहे हे. पहिल्या वर्षी विश्वास ठेवू नये. पुढच्या वर्षी बघ.

"अंकल, मैं सूरत से आया हूँ," मुलगा काकुळतीला येऊन म्हणाला.

"तो सूरत में ही रुकना था!" काका म्हणाले.

घावन मात्र दोघांनी वाटून खाल्लं. दाराशी नंबर आला, तशी तिथल्या पोराने हसून दार उघडून धरलं आणि काकांना नमस्कार केला. काकांनी आत पाऊल टाकलं नाही. सुरतेच्या मुलाला पुढे केलं आणि म्हणाले, "तू जा. माझा नंबर पुढच्या वर्षी." चार तास रांगेत उभं राहून हा माणूस बसने परत कुर्ल्याला आला. त्या रात्री त्यांना इतकं प्रसन्न बघितलं की मला त्यांच्यावर नीट चिडताही आलं नाही.

अलीकडे त्यांच्या डब्यात एआयची कात्रणं जमू लागलीत. तिथल्या मारामारीत कोण कोणाचा कोण, हे अजून त्यांचं बसलेलं नाही. एन्व्हिडिया तेवढी कळलीय. "पालखी कोणाचीही निघो, ढोल याचाच," असं ते म्हणतात. तिच्या प्रमुखाच्या चामडी जाकिटावर मात्र त्यांचा राग आहे. "एप्रिलात ५:४८ च्या फास्टला चढून दाखव म्हणावं ते घालून." घडीचा फोन आला तेव्हाही त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, इस्त्रीला द्यायचा का?

काकूंनी या सगळ्या काळात एकदाच थेट कृती केली. लॉकडाऊनमध्ये भजनी मंडळ व्हिडिओ कॉलवर भरू लागलं. ११०० वर भजनी मंडळ दिसेना. काकूंनी भिशीचे पैसे काढले, कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं तेव्हा आत गेल्या, "आवाज मोठा येतो ना? आणि तो जांभळा दाखवा," म्हणाल्या, आणि बारा मिनिटांत फोन घेऊन परत आल्या. काका तेव्हा अंघोळीला गेले होते. बाहेर येईपर्यंत विठ्ठलाचं नाव सुरू झालं होतं. काका खोक्यावरचा बारीक मजकूर भिंग लावून वाचत बसले. प्रोसेसर त्यांना मान्य नव्हता. दोन दिवस त्यांनी त्या फोनशी अबोला धरला. तिसऱ्या रात्री काकूंना जाग आली, तर शेजारी अंधारात जांभळा उजेड आणि काका. उशीत तोंड खुपसून, आवाज बंद करून, कोणीतरी नव्या फोनचं खोकं उघडतोय ते बघत होते. चष्मा सापडावा म्हणून दुसऱ्या हातात ११०० ची बॅटरी.

तेव्हापासून तो फोन दिवसा काकूंचा आणि रात्री काकांचा.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे वर्गणीची पावती द्यायला गेलो होतो. जांभळा फोन तीन दिवस मान टाकत होता. अभंगाच्या मधेच अडकायचा आणि मंडळातल्या सगळ्या बायकांची तोंडं उघडीच राहायची. काकू पदराने हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, नवीन घ्यायचाय. कुठला घेऊ, सांगा."

लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली त्यांच्या. काकूंनी काकांना अशी गोष्ट विचारण्याची ही पहिलीच खेप असावी, कारण काकांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग चष्मा लावला. पत्र्याचा डबा मांडीवर घेतला, झाकण उघडलं, पुन्हा लावलं. डोळे मिटले. पेरांवर अंगठा फिरू लागला, एक, दोन, तीन. मी श्वास रोखून बघत होतो. काका ओठ उघडणार, इतक्यात दाराशी चपलांचा आवाज झाला. काकूंनी पिशवी घेतली होती.

"अगं, थां..."

"चला. दुकान नऊला बंद होतं."

लाइट गेले होते आणि लिफ्ट बंद होती. काकांनी गंजीफ्रॉकवर शर्ट चढवला, ११०० काढला, रबर सरळ केलं आणि बॅटरी लावली. मग काकूंच्या पुढे दोन पायऱ्या उतरत, तो एवढासा उजेड त्यांच्या पावलांपुढे धरत निघाले. मी वरून ऐकत होतो. पहिल्या मजल्याच्या वळणावरून काकांचा आवाज आला,

"आत्ता नुसता बघायचा हां. घ्यायचा नाही."